एकोणऐंशी सालचा करार

चारुदत्त ठरल्या वेळेच्या तासभर आधी आला. उभ्या आयुष्यात वेळ न चुकवलेल्या माणसानं इकडे हिवाळ्यासाठी घड्याळं आदल्या रात्री एक तास मागे करायची असतात हे विसरावं, आणि तेही नेमकं या रविवारी, याचं वासंतीला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. दार श्रीपादनं उघडलं. त्याच्या कमरेला तिचा फुलाफुलांचा एप्रन आणि हातात झारा. ती ओल्या केसांना पंचा गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर आली, तर उंबऱ्याबाहेर दीर चारुदत्त आणि जाऊ नंदिनी, आत झारा धरलेला श्रीपाद.

"तीन वाजले," चारुदत्त म्हणाला.

"दोन," श्रीपाद म्हणाला. "आज तास मागे गेला. या ना आत. वड्या तळतोय."

नंदिनी हसली. गाडीत आपण दोनदा आठवण केली होती, पण उंटरश्लाइसहाइमचं घर सोडल्यापासून यांचं कशातच लक्ष नाही, असं ती बूट काढता काढता वासंतीला सांगू लागली. लक्ष कशात होतं ते वासंतीला दिसतच होतं. चारुदत्तच्या काखेत दोरी बांधलेली एक तपकिरी फाइल होती. कोट त्यानं खुंटीला लावला, केकचा खोका पुतणीच्या, स्वरूपाच्या हातात दिला, फाइल मात्र सोडली नाही. सोफ्यावर बसल्यावर ती त्यानं मांडीवर घेतली आणि मांडीवर फाइल, फाइलवर बशी, अशा थाटात कोथिंबिरीच्या चार वड्या खाल्ल्या.

वासंतीनं फाइलीकडे बघायचं टाळलं. मागितली तर ती तिची गरज ठरली असती, आणि आपली गरज सासरच्या माणसांपुढे उघडी टाकायची सवय तिनं बारा वर्षांपूर्वीच मोडली होती.

पण गरज होतीच. उन्हाळ्यात घरमालकीणबाई गेल्या आणि त्यांच्या मुलानं तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट विकायला काढला. स्टुटगार्टच्या कुणा गृहस्थाशी त्याचा व्यवहार ठरलाही. मात्र जुन्या भाडेकरूला त्याच किमतीत घर घेण्याचा पहिला हक्क असतो, आणि तो बजावायला दोन महिने मिळतात. ते दोन महिने येत्या गुरुवारी संपत होते. त्यातही बुधवार सुटीचा. मुलाच्या वकिलानं एक फट शोधून काढली होती. इमारतीतले फ्लॅट सुटे विकायची सोय कागदोपत्री झाली नव्वद साली, आणि वासंतीच्या नावचा भाडेकरार चौऱ्याण्णवचा. हक्क त्या सोयीच्या आधीपासूनच्या भाडेकरूलाच असतो, म्हणून नव्वदच्या आधीपासून हे कुटुंब इथं राहतंय हे दाखवायचं तर तिच्या दिवंगत नवऱ्यानं, वासुदेवनं, एकोणऐंशी साली सही केलेला मूळ करार हवा. तो चारुदत्तपाशी होता. भाऊ गेल्यावर वहिनीला कुणापुढे जावं लागू नये म्हणून त्यानंच धावपळ करून तिच्या नावचा नवा करार करून आणला होता, आणि जुने कागद सांभाळायला म्हणून घरी नेले होते. फट त्याच्या मायेनंच पडली होती. हे त्याला अजून कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

स्वरूपानं केक कापला. ती सकाळीच कार्ल्सरूहेहून आली होती. सव्वीस वर्षांची, एका करसल्लागाराच्या कचेरीत कामाला. वडील गेले तेव्हा जेमतेम चौदाची. श्रीपाद वासुदेवचा कारखान्यातला मित्र, तेव्हा ती त्याला श्रीपादकाका म्हणायची. सात वर्षांपूर्वी तो या घरात राहायला आल्यापासून ती त्याला काहीच म्हणत नाही. काही सांगायचं असलं की त्याच्यासमोर जाऊन उभी राहते आणि तो बघेपर्यंत थांबते.

"कर्जाला कमी पडणारे तीस हजार युरो जोगळेकर देताहेत असं ऐकलं," चारुदत्त म्हणाला. श्रीपाद जोगळेकर समोर बसलेला असताना तो हे वासंतीला सांगत होता.

वासंतीनं हे त्याला सांगितलं नव्हतं. तिनं लेकीकडे पाहिलं. स्वरूपा केकच्या सुरीवरचं क्रीम पुसत राहिली.

"देतोय," श्रीपाद म्हणाला. "बँकेचं बक्षीसपत्र आहे तिथं साखरेच्या भांड्याखाली. पैसे परत मागणार नाही असं लिहून द्यायचं असतं. फक्त सही राहिलीय."

चारुदत्तनं कागद काढून वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं कागदाची आधीची घडी होती तशीच घातली आणि सावकाश बोलायला लागला. हे घर दादाचं आहे, तो म्हणाला. इथं दादानं संसार मांडला, इथूनच आपण त्याला नेलं. आपण स्वतः एक्याऐंशी साली एक बॅग घेऊन या देशात उतरलो ते याच घरात, आणि मागच्या खोलीत दोन वर्षं राहून जर्मन शिकलो. वहिनी घर घेताहेत याचा आपल्याला अभिमान आहे, तो आपण चारचौघांत सांगतोही. पण दादाच्या घराला दुसऱ्याचा पैसा लागणं बरं नाही.

"तीस हजार मी देतो," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत खात्यात येतील. मला परत नकोत. अटही काही नाही."

नंदिनी कप तोंडाशी नेता नेता थांबली. तिला हे ठाऊक नव्हतं, हे खोलीतल्या सगळ्यांना एकदमच कळलं.

वासंतीला वाटलं, अट असती तर बरं झालं असतं. अट झिडकारता येते. चारुदत्तचा चेहरा खरोखरच देणाऱ्याचा होता. हाच चेहरा चौऱ्याण्णवमध्ये तिच्यासमोर होता. वहिनी, तुम्ही आणि स्वरूपा आमच्याकडे चला, खालचा मजला मोकळा करतो, असं तो म्हणाला होता, आणि ती नाही म्हणाल्यावर सहा महिने त्यानं फोन केला नव्हता. त्या सहा महिन्यांत तिनं दातांच्या प्रयोगशाळेत उमेदवारी धरली. अडतिसाव्या वर्षी सतरा-अठरा वर्षांच्या पोरांशेजारी बसून मेणाच्या दाढा कोरायला शिकली. आज या सिंडेलफिंगेन गावातल्या निम्म्या दवाखान्यांतून अवघड दात तिच्याकडे येतात, पुढच्या दातांची छटा जुळत नसली तर दंतवैद्य तिचं नाव घेऊन मागतात. बँकेतल्या बाईंनी तिची पगारपत्रकं पाहून सतरा वर्षांचं कर्ज तिच्या एकटीच्या नावावर मंजूर केलं. सोबत अर्जदार कोण, असं त्यांनी एकदा विचारलं. वासंतीनं कुणी नाही म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी ती बसनं न येता चालत घरी आली होती.

"आल्झो... म्हणजे, काका," स्वरूपा बोलली. "एक सांगायला हवं. टॅक्स लागणार. लग्न झालेलं नसेल तर कायद्याच्या दृष्टीनं दोघं परके. पाच हजार दोनशेपर्यंत माफ, वरच्या रकमेवर सतरा टक्के."

"म्हणूनच म्हणतो. घरच्या माणसानं दिले तर तो प्रश्नच येत नाही."

स्वरूपानं सुरी खाली ठेवली. काकाला आपणच फोन करून बोलावलं होतं, आता त्याच्याचविरुद्ध बोलावं लागणार हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण चुकीचा आकडा तिला सहन होत नसे. ते तिनं बापाकडून घेतलं होतं.

"येतो, काका. दीर जवळच्या नात्यांच्या यादीत नाहीच. मला दिलेत तर मी पुतणी, मला थोडा कमी. आईला दिलेत तर तुम्हालाही सतराच टक्के. गेनाऊ, अगदी तेवढेच."

"म्हणजे मी आणि हे एकाच रांगेत?"

"कायद्यात, हो."

श्रीपादनं वड्यांची थाळी चारुदत्तच्या दिशेनं थोडी सरकवली. चारुदत्तनं ती पाहिली नाही. तो खिडकीबाहेर बघत होता, आणि वासंतीला त्याची मनापासून कीव आली. इतकी वर्षं वहिनी वहिनी करून जे नातं त्यानं निभावलं होतं, त्याला सरकारी कागदावर एक ओळसुद्धा नव्हती, आणि हे त्याला भावाच्याच मुलीनं सांगावं.

"मग लग्न करा," तो अचानक म्हणाला. या वेळी तो श्रीपादकडे बघत होता. "लग्न केलंत तर टॅक्स शून्य. खरं ना, स्वरूपा? मग करा. मी स्वतः उभा राहीन. वहिनींच्या बाजूनं उभा राहीन. माझा विरोध तुम्हाला नाही, जोगळेकर. कधीच नव्हता. हे असं मधल्यामध्ये राहण्याला आहे."

नंदिनीनं कप खाली ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदाच तिचा नवरा श्रीपादशी थेट एवढी वाक्यं बोलला होता.

"काका, पेन्शन," स्वरूपा म्हणाली. तिचा आवाज कोरडा झाला. "आईनं लग्न केलं की बाबांची पेन्शन बंद होते. म्हणून नाही करत. सगळ्यांना माहितीये. बाबांच्या पेन्शनवर..." पुढचं वाक्य तिनं जर्मनमध्ये सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं.

ते वाक्य वासंतीनं मनातल्या मनात पुरं केलं. सात वर्षं लेक हेच गिळून बसली आहे याची तिला कल्पना होती. आज ते निम्मं तरी बाहेर आलं, याचं वाईट वाटायच्या ऐवजी तिला मोकळं वाटलं.

"पेन्शनचं तुम्हा सगळ्यांना मीच सांगितलं," ती म्हणाली. "ते सांगितलं की पुढे कुणी विचारत नाही. पैशाचं कारण लगेच पटतं लोकांना. पण ते खरं कारण नाही."

तिनं डोक्याचा पंचा सोडला, केस मागे सारले. घाई केली नाही.

"दर जुलैत पेन्शन कचेरीचं एक पत्र येतं. त्यावर वासुदेवचं नाव असतं आणि माझं. या देशात आता दुसऱ्या कुठल्याच कागदावर आम्ही दोघं एकत्र नाही. बँकेच्या नाही, कराच्या नाही, भाड्याच्याही नाही. मला ते पत्र बंद व्हायला नकोय. रक्कम निम्मी केली तरी चालेल. मी वासुदेवची बायको होते आणि त्याची विधवा आहे. श्रीपादबरोबर राहते ते ह्यातलं काही पुसून नाही. हे मी त्याला तो यायच्या आधी सांगितलंय."

"खालच्या टपालपेटीतून ते पत्र मीच वर आणतो," श्रीपाद म्हणाला. "जुलैत जरा लवकर बघतो पेटी."

स्वरूपानं मान वर केली. ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो या खोलीत आत्ताच आला होता. मग ती उठून न्हाणीघरात गेली. तिथल्या नळाला गरम पाणी उजवीकडे आणि थंड डावीकडे येतं. वासुदेवनं एका रविवारी स्वतः नळ बदलला तेव्हा उलटा बसवला होता. पाहुणे अजून हात भाजून घेतात. श्रीपादला हे काम पाच मिनिटांचं, पण त्यानं नळाला हात लावलेला नाही. पाणी बराच वेळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

"आणि माझे पैसे?" चारुदत्त म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "ते का नकोत, एवढं तरी सांगा, वहिनी. माझ्याकडे आधी का नाही मागितले?"

हाच खरा प्रश्न होता. त्याच्यासाठी तो दोनशे किलोमीटर गाडी हाकत आला होता.

"कारण तुमच्याशी मला भांडता येत नाही, भावजी. तुमचे तीस हजार घेतले तर तुम्ही एका शब्दानं बोलणार नाही, मला ठाऊक आहे. पण मी तुमच्यापुढे जन्मभर मान खाली घालून वावरेन. तुम्ही इथं येऊन पडदे बदला म्हणालात तर मी पडदे बदलेन. याच्याशी मी रोज भांडते. परवा सिंकमध्ये कढई ठेवली म्हणून भांडले. तीस हजार घेतले तरी उद्या सकाळी भांडणारच. आणि तो इथं राहतो. ज्या छपराखाली राहतो, त्याला त्यानं हातभार लावला तर त्यात मेहेरबानी कसली?"

नंदिनी हसली. आधी तोंडावर हात धरून, मग तोही काढून.

"पडदे बदला असं हे खरंच म्हणाले होते," ती म्हणाली. "मागच्या दिवाळीत. आणि ताई, तुम्ही बदलले होते." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, मला न विचारता तीस हजार द्यायला निघालात, ते आपण गाडीत बोलू. आता फाइल द्या त्यांना."

चारुदत्तनं दोरी सोडली. आतून पिवळा पडलेला करार काढला. शेवटच्या पानावर वासुदेवची सही होती, उजवीकडे चढत गेलेली. पण चारुदत्तनं त्याच्यामागे टाचणीनं लावलेला एक सुटा कागद वर काढला. भाडेकरूच्या भावाला मागच्या खोलीत राहू द्यायला मालकिणीची हरकत नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं. खाली तारीख, एक्याऐंशीचा मार्च, आणि त्याचं संपूर्ण नाव, आडनावात एक अक्षर चुकलेलं.

"या देशात माझं नाव लिहिलेला हा पहिला कागद," तो म्हणाला. "व्हिसावर होतं, पण ते परत जाण्याच्या तारखेसकट. इथं तारीख नाही. नुसतं राहू द्यावं असं आहे." त्यानं टाचणी पुन्हा नीट बसवली. "वहिनींची कागदपत्रं सांभाळतो म्हणून मी हे नेलं नव्हतं. हा कागद माझ्या टेबलाच्या खणात असतो. मूळच लागेल का?"

"मूळच," वासंती म्हणाली. "वकील नक्कल मानत नाही. आणि करार मागच्या कागदासकट हवा त्याला."

त्यानं करार फाइलीत परत घातला. मग फाइल पुन्हा बांधली आणि काखेत घेतली. विचार करतो, एवढंच म्हणाला. नंदिनीनं काही बोलायला तोंड उघडलं, पण वासंतीनं नजरेनंच तिला थांबवलं. जिन्यापर्यंत पोचवायला श्रीपाद गेला. खाली गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं, तेव्हा वासंतीनं साखरेच्या भांड्याखालचं बक्षीसपत्र काढून परत आलेल्या श्रीपादसमोर ठेवलं. त्यानं सही केली. स्वरूपा न्हाणीघरातून आली होती, डोळे लाल, हात धुतलेले. तिनं कागद उलटसुलट पाहिला आणि टॅक्सचा फॉर्म आपण भरू म्हणाली, तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, श्रीपादकाकांचा कर क्रमांक तेवढा लागेल. वासंतीनं भांडी गोळा करायला घेतली. श्रीपाद क्रमांक शोधायला आत गेला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ शोधत बसला.

सोमवारी फोन आला नाही, मंगळवारी आला नाही. बुधवारी सुटीच्या दिवशी स्वरूपानं दोनदा काकाला फोन लावू का विचारलं, दोन्ही वेळा वासंती नको म्हणाली. घर गेलं तरी चालेल असं तिला मुळीच वाटत नव्हतं. रात्रभर ती कुशी बदलत होती. पण बारा वर्षांत जे मागितलं नाही ते आता मागून मिळालेल्या घरात तिला राहता आलं नसतं, आणि हे तिला दुपारच्या उजेडात पटत होतं तेवढंच अंधारातही पटत होतं.

गुरुवारी सकाळची पाळी करून ती प्रयोगशाळेतून परस्पर नोटारच्या, म्हणजे घराचं खरेदीखत करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत गेली. श्रीपाद आणि स्वरूपा दारातच भेटले. आत बाकावर चारुदत्त बसला होता. सूट, टाय, मांडीवर फाइल, शेजारी नंदिनी. वासंतीला पाहून तो उठला, पण फाइल तिच्या हातात दिली नाही. सरळ विकणाऱ्याच्या वकिलापुढे गेला, दोरी सोडली आणि एकेक पान स्वतः उलटून दाखवलं. एकोणऐंशीचा करार. दादाची सही. एक्याऐंशीचं पत्र, हे माझं नाव, अक्षर चुकलंय, पण मीच. वकिलानं चष्मा कपाळावर चढवून पानं पाहिली, पक्षकाराशी दोन शब्द बोलला, आणि हक्क आम्हाला मान्य आहे असं म्हणाला. इतकं कोरडं वाक्य की वासंतीला ते कळायला एक क्षण लागला. चारुदत्तनं त्या एक्याऐंशीच्या पत्राची तेवढी एक झेरॉक्स सेक्रेटरीकडून मागून घेतली, चार घड्या घालून पाकिटात ठेवली, आणि मूळ कागद टेबलावर सोडून बाजूला झाला.

मग नोटारनं खरेदीचा करार मोठ्यानं वाचला. इथली रीतच तशी. सगळं, शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत, एका सुरात वाचून दाखवायचं. फ्राउ वासंती लिमये, माहेरचं आडनाव पेंढारकर, जन्म सांगली, विधवा. हा शेवटचा शब्द कचेऱ्यांतून कुणी मोठ्यानं वाचला की तिची मान आपसूक खाली जायची. आज ती ताठ बसून होती. तो शब्द तिचाच होता. त्याच्या आधीचीही सगळी नावं तिचीच होती. वाचन पाऊण तास चाललं. तिनं प्रत्येक पानावर आद्याक्षरं घातली आणि शेवटी पूर्ण नावानं सही केली.

घरमालकिणीचा मुलगा खुर्ची मागे सारून उठला. व्यवहार मनाविरुद्ध झाला असला तरी माणूस सभ्य होता. टेबलाला वळसा घालून तो आला, श्रीपादपुढे हात करून नव्या घराबद्दल अभिनंदन म्हणाला.

श्रीपाद हसला आणि त्यानं हात पाठीमागे घेतले.

"चुकताय," चारुदत्त मागून म्हणाला. चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं त्याचं बव्हेरियन वळणाचं जर्मन होतं. "मालकीण या आहेत. माझ्या वहिनी."

तो गृहस्थ गोरामोरा होऊन वळला. वासंतीनं हात पुढे केला. नखांच्या कडांना सकाळच्या कामाचं पांढरं प्लास्टर सुकलेलं होतं. तिनं ते पुसलं नाही.